सुंभाचा पीळ ओळखणारा शास्त्रज्ञ

रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांत जायचे म्हणजे जांभ्या दगडाच्या पाखाड्या चढणे-उतरणे आलेच. साठीकडे झुकलेल्या माणसाला चढण दमवते. पण गुडघ्याची खरी परीक्षा घेते ती उतरण. पायरीवर पाय टेकला की गुडघ्यात कळ येते, बसून उठताना हाताचा आधार लागतो आणि एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात की सांध्यातली गादी झिजली आहे. वैद्यकशास्त्र या विकाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते. झिजलेली गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरचे कूर्चेचे, दोन-चार मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत आवरण. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. मग कूर्चाच एकदा गेली की पुन्हा का येत नाही, हा प्रश्न दुखऱ्या गुडघ्याच्या प्रत्येक माणसाला पडतो. त्याच्या उत्तराचा पहिला धागा एका भारतीय भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती लागला होता.

डॉ. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे त्यांचे नाव. ते वैद्य नव्हते आणि त्यांनी कधी कोणाच्या गुडघ्यावर उपचार केले नाहीत. कूर्चा, हाड, कातडी आणि कंडरा यांना बळकटी देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन रेणूच्या पातळीवर कसे वळलेले असते, हे त्यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये मद्रासच्या प्रयोगशाळेतून जगाला दाखवून दिले. कोकणातल्या माणसाला ही रचना समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या वळून सुंभ करतात. प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग ते पदर एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळायचे, ही दोर वळण्याची जुनी रीत. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत. निसर्गाने कोलॅजेन अगदी असेच वळले आहे.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. रत्नागिरीचे किनारे ज्या अरबी समुद्राने घडवले, त्याच समुद्राच्या दक्षिण काठावरचे हे गाव. वडील गणिताचे प्राध्यापक होते, आणि मुलाला गणिताची गोडी लागली ती घरातच. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून त्यांनी १९४२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी मद्रास विद्यापीठात पहिल्या क्रमांकाने मिळवली. त्याच वर्षी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते मात्र विद्युत अभियांत्रिकीच्या विभागात. तेथे भौतिकशास्त्राचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. या मुलाची बुद्धी त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्यांनी रामचंद्रन यांना अभियांत्रिकीतून काढून आपल्या विभागात घेतले. प्रकाश, स्फटिक आणि क्ष-किरण हे विषय त्यानंतर त्यांचे कायमचे सोबती झाले.

१९४७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी डब्ल्यू. ए. वूस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली स्फटिकांतून विखुरणाऱ्या क्ष-किरणांचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. प्रथिने आणि केंद्रकाम्ले यांची रचना क्ष-किरणांनी उलगडता येईल, अशी आशा त्या काळात युरोप-अमेरिकेत पालवत होती. १९४९ मध्ये ते बंगळूरला परतले. तीन वर्षांनी मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुखपद रामन यांना देऊ केले. रामन यांनी ते स्वतः न स्वीकारता आपल्या शिष्याचे नाव सुचवले. तिशीही न गाठलेले रामचंद्रन १९५२ मध्ये एका विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुख झाले.

विभाग नवा होता आणि साधने बेताची. याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. कोलॅजेनच्या रचनेविषयी जी जी अनुमाने मांडली गेली आहेत, त्यांपैकी एकही समाधानकारक नाही, असे त्यांच्या बोलण्यातून निघाले. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजानेही १९५१ मध्ये कोलॅजेनची एक रचना सुचवली होती; ती प्रयोगाशी जुळत नव्हती. ज्या कोड्याने पॉलिंग यांना चकवले, ते सोडवायला मद्रासमधील एका नव्या विभागाने घेणे हे धाडसच होते. रामचंद्रन यांनी ते केले आणि आपले सहकारी गोपीनाथ कर्ता यांना या कामात सोबत घेतले.

क्ष-किरणांचे चांगले चित्र मिळायचे तर कोलॅजेन शुद्ध हवे आणि त्याचे तंतू एकाच दिशेने मांडलेले हवेत. कातडी कमावणे म्हणजे मुळात कोलॅजेनवर प्रक्रिया करणेच. त्यामुळे मद्रासमधील केंद्रीय चर्म संशोधन संस्था हा यासाठी मोठाच आधार होता. कांगारूच्या शेपटीतील कंडरा सर्वांत उपयोगी ठरली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरखंड, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे कोलॅजेनचाच असतो. तिच्यातून क्ष-किरण जाऊ देऊन फिल्मवर उमटणारे ठिपके आणि पट्टे मोजायचे, आणि त्यांवरून रेणूतील अणूंची मांडणी ओळखायची, असे हे काम होते.

रसायनशास्त्राने एक खूण आधीच दिली होती. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात. कोलॅजेनमध्ये या आम्लांपैकी सुमारे एक तृतीयांश एकटे ग्लायसीन असते, आणि प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन यांचे प्रमाणही मोठे असते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. ते साखळीत दर तिसऱ्या जागी येत असेल, तर त्यामागे काही कारण असले पाहिजे, असे रामचंद्रन यांनी गृहीत धरले. तीन साखळ्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्या, तेव्हा उत्तर मिळाले. तिन्ही साखळ्या ज्या अक्षाभोवती एकत्र येतात, तेथे जागा इतकी अरुंद असते की ग्लायसीनखेरीज दुसरे काही मावतच नाही. ही रचना ऑगस्ट १९५४ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पहिल्या रचनेत तिन्ही साखळ्या वळलेल्या होत्या, पण एकमेकींभोवती गुंफलेल्या नव्हत्या. क्ष-किरणांच्या चित्राशी ताळा करताना ही उणीव लक्षात आली. सप्टेंबर १९५५ मध्ये रामचंद्रन आणि कर्ता यांनी सुधारित रचना मांडली. प्रत्येक साखळीचा पीळ डावा, आणि तिन्ही साखळ्यांनी मिळून घेतलेला पीळ उजवा. सुंभ वळणाऱ्या माणसाला हातांनी ठाऊक असलेली गोष्ट रेणूच्या पातळीवर सिद्ध झाली. तिपदरी पिळाची हीच रचना आज जगभर कोलॅजेनची रचना म्हणून शिकवली जाते.

यश आले, तसा वादही आला. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी त्याच वर्षी कोलॅजेनवर आपला निबंध प्रसिद्ध केला. तीन पदरांचा गुंफलेला पीळ त्यांनीही मानला, पण साखळ्यांना जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांविषयी त्यांचे मत वेगळे होते. दर तीन अमिनो आम्लांमागे असे दोन बंध असतात, असे रामचंद्रन यांचे म्हणणे. क्रिक आणि रिच यांच्या मते एकच. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या नको तितके जवळ आले आहेत, असाही त्यांचा आक्षेप होता. डीएनएच्या रचनेमुळे क्रिक यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झाले होते. त्यांच्यापुढे मद्रासच्या संशोधकांचा आवाज पडणे स्वाभाविक होते.

रामचंद्रन यांनी या आक्षेपाला हुज्जतीने उत्तर दिले नाही. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे आधी नीट मोजले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना तपासल्या, अणूंमधील अंतरांच्या मर्यादा निश्चित केल्या आणि प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते व कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, याचा एक नकाशा तयार केला. १९६३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जगाच्या पाठीवर कोठेही नव्या प्रथिनाची रचना उलगडली, की ती बरोबर आहे की नाही हे आजही प्रथम या नकाशावर पडताळून पाहतात. त्याला रामचंद्रन आलेख म्हणतात. कोलॅजेनवरच्या टीकेतून जन्मलेले हे काम कोलॅजेनपेक्षाही मोठे ठरले.

मूळ वादाचा निकाल लागायला आणखी बराच काळ जावा लागला. १९६८ मध्ये रामचंद्रन यांनीच सुचवले, की दुसरा बंध थेट नसून मध्ये पाण्याचा एक रेणू धरून जुळत असावा. १९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कोलॅजेनसारख्या एका लहान रेणूचा स्फटिक बनवून त्याची सूक्ष्म रचना पाहिली. तीन पदरांचा पीळ जसाच्या तसा दिसला. थेट बंध एकच निघाला, आणि पाण्याच्या रेणूंनी जुळवलेले बंधही दिसले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते.

गुडघ्यातल्या कूर्चेचा या पिळाशी संबंध काय, हे पुढच्या पिढीतील संशोधनातून कळत गेले. कोलॅजेनचे अनेक प्रकार असतात. कूर्चेतले कोलॅजेन हाडातल्या आणि कातडीतल्या कोलॅजेनहून वेगळे आहे, हे १९६९ मध्ये सिद्ध झाले आणि त्याला दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असे नाव मिळाले. ते बनवणाऱ्या कूर्चापेशी संख्येने अगदी थोड्या असतात. कूर्चेच्या आकारमानापैकी जेमतेम काही टक्के जागा त्या व्यापतात. बाकी सारे असते त्यांनी विणलेले कोलॅजेनचे जाळे, आणि त्या जाळ्यात कोंडलेले पाणी व ते धरून ठेवणारे रेणू. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतूही नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून झिरपेल तेवढ्याच पोषणावर या पेशी जगतात.

कूर्चापेशी आधी तीन साखळ्या तयार करते. त्यांतल्या प्रोलीनवर ऑक्सिजनचा एक अणू बसवला जातो. त्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास पीळ ढिला राहतो आणि स्कर्व्ही होतो. मग तिन्ही साखळ्या एकमेकींत वळल्या जातात. प्रत्येक साखळीत सुमारे हजार अमिनो आम्ले असतात. साखळीतले एखादेच ग्लायसीन बदलून तेथे मोठे अमिनो आम्ल आले, तरी पीळ बिघडतो. कूर्चेच्या कोलॅजेनमध्ये असा जन्मजात दोष असलेल्या काही कुटुंबांत सांधे तरुणपणीच झिजू लागतात. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये दाखवलेल्या अरुंद जागेचे महत्त्व किती, ते अशा रुग्णांकडे पाहून कळते.

वळून झालेला पीळ इतका घट्ट असतो, की पचन करणारी साधी विकरे त्याला तोडू शकत नाहीत. तो तोडू शकते ते कोलॅजिनेज हे खास विकर. १९६२ मध्ये बेडकाच्या पिलाची शेपटी गळून पडते कशी, याचा शोध घेताना ते सापडले. ते संपूर्ण दोर कुरतडत बसत नाही. एका टोकापासून साधारण पाऊण अंतरावर तिन्ही पदर एकाच जागी कापते. कापलेले तुकडे शरीराच्या उष्णतेत आपोआप उलगडतात, आणि मग इतर विकरे त्यांचा फडशा पाडतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या दोराला लागू पडत नाही. एक घाव बसला, की याचा पीळ जातो.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये नेमके हेच घडते. इतरवेळी शांत असणाऱ्या कूर्चापेशी जाग्या होतात, विभागून घोळके करतात आणि नवे कोलॅजेन बनवण्याची खटपट करू लागतात. झीज म्हणजे पेशींचे स्वस्थ बसणे, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. रोगाच्या सुरुवातीला त्यांचे उत्पादन वाढल्याचेच दिसते. पण त्याच पेशी कोलॅजिनेजही सोडू लागतात. एका हाताने विणायचे आणि दुसऱ्या हाताने उसवायचे, असा प्रकार सुरू होतो, आणि उसवणे पुढे जाते. रोग वाढला की पेशींचा स्वभावही बदलतो. काही पेशी कूर्चेऐवजी हाड घडण्याच्या मार्गावरचे दहाव्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. जखम भरून येतेच, तर तेथे बहुधा पहिल्या प्रकारचे, व्रणासारखे कोलॅजेन येते. ते मूळ कूर्चेइतका भार सोसू शकत नाही.

रामचंद्रन यांनी १९७० च्या सुमारास मद्रास सोडले. काही काळ अमेरिकेत शिकागो येथे अध्यापन करून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जैवभौतिकी विभाग उभा केला. याच काळात, १९७१ मध्ये, त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह एक गणिती पद्धत प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या छायांवरून वस्तूच्या आतले चित्र पूर्वीपेक्षा झटपट कसे उभे करता येईल, हे तिच्यात दाखवले होते. सीटी स्कॅन यंत्रांच्या विकासात अशा पद्धती पायाभूत ठरल्या. एका आयुष्यात एवढ्या निरनिराळ्या क्षेत्रांत मूलभूत भर घालणारे शास्त्रज्ञ जगातही मोजकेच आढळतात.

मानसन्मान आले, पण कामाच्या मानाने ते अपुरे होते. १९६१ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९७७ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. तोवर कोलॅजेनच्या शोधाला वीस वर्षे उलटून गेली होती. नोबेल पारितोषिक त्यांना मिळायला हवे होते, असे मानणारे शास्त्रज्ञ देशात आणि परदेशातही पुष्कळ होते. ते मिळाले नाही. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाचे एवाल्ड पारितोषिक त्यांना देण्यात आले. उतारवयात त्यांचे मन गणिती तर्कशास्त्राकडे आणि जैन दर्शनातील स्यादवादाकडे वळले होते. शेवटच्या वर्षांत कंपवाताने त्यांना ग्रासले. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या चर्म संशोधन संस्थेच्या सहवासात हा शोध लागला, तिच्या सभागृहाचे नाव ट्रिपल हेलिक्स, म्हणजे तिपदरी पीळ, असे आहे.

त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी पाखाडी उतरणाऱ्या माणसाच्या प्रश्नाला अधिक स्पष्ट उत्तर मिळाले. गेल्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. शरीरातला एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला, हे या कार्बनवरून ओळखता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्यांतील कूर्चेची अशी तपासणी प्रसिद्ध केली. कूर्चेतले कोलॅजेनचे जाळे मूल वाढत असताना विणले जाते आणि प्रौढपणी ते जवळजवळ बदलत नाही, असे त्यात आढळले. निरोगी सांध्यात हे खरे होते, तसेच रोगी सांध्यातही. म्हणजे पेशींची नवे कोलॅजेन बनवण्याची धडपड खरी असली, तरी ते जुन्या जाळ्यात फारसे मिसळतच नाही. पोरवयात वळलेला दोर माणूस आयुष्यभर वापरतो.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. बाजारात मिळणारी कोलॅजेनची पूड पोटात गेल्यावर पचते. तिचे अमिनो आम्लांत आणि लहान तुकड्यांत विघटन होते. तिच्यामुळे गुडघ्यातले जाळे पुन्हा विणले जाते, याला भक्कम पुरावा नाही. कोकणातले काजूचे बोंड किंवा आवळा क जीवनसत्त्वाने समृद्ध असतात आणि ते आहारात असावेतच. पण गरजेपेक्षा अधिक जीवनसत्त्व घेतल्याने झिजलेली कूर्चा परत येत नाही. रुग्णाच्याच कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा सांध्यात सोडण्याचा उपाय स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडला. एखाद्या जागी पडलेला खळगा भरण्यासाठी तो वापरतात. अडचण अशी, की भांड्यात वाढवलेल्या पेशी लवकरच आपला धर्म सोडून पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. त्यांना पुन्हा दुसऱ्या प्रकाराकडे वळवणे आणि त्यांनी विणलेले जुन्या जाळ्यात गुंफणे, हे काम अजून साधलेले नाही. झीज थांबवणारे खात्रीचे औषधही आज उपलब्ध नाही. वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट करणे, वेदनेवर औषध घेणे आणि फारच झाले तर सांधा बदलणे, एवढेच उपाय हाताशी आहेत.

ज्या दिवशी कूर्चापेशींकडून हवा तसा दोर वळून घेता येईल, त्या दिवशी तो बरोबर वळला आहे की नाही हे रामचंद्रन आणि कर्ता यांनी मद्रासमध्ये दाखवलेल्या पिळाशी ताडूनच ठरवावे लागेल. तीन पदर, प्रत्येकाचा पीळ डावा, सर्वांचा मिळून उजवा, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसीन. सत्तर वर्षांत या मापात बदल करण्याची गरज कोणाला पडलेली नाही.